फिरत्या पाळीत वाचन: कागद, ई-रीडर की ऑडिओ?

दादा, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही तपासता येईल. तुम्ही भोसरीला राहता, चाकणच्या कारखान्यात आहात आणि दर आठवड्याला पाळी बदलते. कंपनीच्या बसमध्ये जाऊन-येऊन रोज पावणेदोन तास जातात. घरी चार वर्षांची मुलगी आहे, बायकोचीही नोकरी. कॉलेजात असताना आठवड्याला एक कादंबरी संपवायचात, आता वर्षाला एक पुस्तक होणंही मुश्कील झालंय. दिवाळीच्या सेलमध्ये किंडल घेतला, म्हणजे ॲमेझॉनचा ई-रीडर, फक्त पुस्तकं वाचायचं यंत्र. तो कपाटात पडून आहे. ऑडिओबुकच्या ॲपचे पैसे भरलेत, पण ऐकता ऐकता डोळा लागतो आणि वर 'हे काही खरं वाचन नव्हे' ही टोचणी. बसमध्ये छापील पुस्तक काढलं तर मळमळतं. तेव्हा या तिघांपैकी एक काय ते धरावं, बाकीचं सोडून द्यावं आणि महिन्याला दोन पुस्तकं व्हावीत, असं तुमचं म्हणणं.

मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे पेन्शनर आहेत, शाळेतली मुलं आहेत, तसेच भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पाळ्या करणारेही पुष्कळ सभासद आहेत. त्यामुळे तुमचा प्रश्न नाव बदलून माझ्या काउंटरवर सतत येतो. आधी उत्तर सांगून टाकते आणि मग कारणं: एक धरू नका. पण तिन्ही प्रकार सगळीकडे वापरायलाही जाऊ नका. तुमच्या दिवसात वाचनाच्या तीन-चार जागा आहेत. प्रत्येक जागेला एक प्रकार आणि त्या प्रकाराला शोभेल असं एक पुस्तक, एवढं ठरवा.

तुम्ही 'वेळच नाही' असं लिहिलंय. मला ते अर्धंच पटतं. परत आलेलं पुस्तक ग्रंथपालाला बरंच काही सांगतं. आत खूण म्हणून ठेवलेलं पीएमपीएमएल बसचं तिकीट, गोळ्यांचं रिकामं पाकीट, गेटपासचा तुकडा, नाहीतर दुमडलेला कोपरा. ही खूण बहुतेक वेळा पन्नासाव्या-साठाव्या पानाच्या आसपास असते. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर क्वचित. म्हणजे माणसाने सुरुवात जोरात केलेली असते, पन्नास पानं वाचायला वेळ मिळालेलाही असतो. मध्ये पाळी बदलते, पाहुणे येतात, पोराला ताप येतो आणि पुस्तक आठवडाभर उशाशी पडून राहतं. आठवड्याने उघडलं की हा आप्पा कोण, ही मंडळी वाड्यात कधी राहायला आली, काहीच आठवत नाही. दहा पानं मागे जावं लागतं. वीस मिनिटं हाताशी असतात, त्यातली पंधरा पुन्हा आत शिरण्यातच जातात. असं दोनदा झालं की माणूस पुस्तक परत करतो आणि 'हल्ली वेळ मिळत नाही हो' म्हणतो. वेळ मिळाला होता, धागा तुटला होता. म्हणून पुढे जे सांगते आहे ते मिनिटं कुठून आणायची यापेक्षा धागा कसा तुटू द्यायचा नाही, याबद्दल जास्त आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मी इथे बसून ठरवू शकत नाही. नाईटची पाळी तुम्हाला किती सोसते, ओव्हरटाइम किती लागतो, बसमध्ये शेजारी बसणारा मित्र गप्पिष्ट आहे का. आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण वय एकोणचाळीस लिहिलंय म्हणून विचारते: डोळे तपासलेत का? काउंटरवर पुस्तक घेऊन पहिलं पान हातभर लांब धरून वाचणारे लोक मला रोज दिसतात. 'हल्ली वाचनात मन लागत नाही' असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना चाळिशी लागलेली असते, इतकंच. बारीक टाइप वाचताना डोळे शिणतात, डोळे शिणले की कंटाळा येतो आणि तो कंटाळा आपण पुस्तकाच्या नावावर लावतो. ई-रीडरचा विचार करण्याआधी हे काम उरका.

आता पाळीचं. 'रोज रात्री झोपण्यापूर्वी अर्धा तास वाचा' हा सल्ला ज्यांची रात्र रोज एकाच वेळी होते त्यांच्यासाठी ठीक आहे. तुमची रात्र एका आठवड्यात दहाला होते, दुसऱ्यात एकला आणि तिसऱ्यात सकाळी आठला. तेव्हा घड्याळाला वाचन बांधायला गेलात तर दर सोमवारी सवय मोडणार. तुमच्या तिन्ही पाळ्यांत न बदलणाऱ्या जागा कोणत्या? बसची सीट. कँटीनचं टेबल. घरातला तुमचा कोपरा. वाचन या जागांना बांधा.

बसपासून सुरू करू, कारण तुमचा सगळ्यात मोठा सलग वेळ तिथे आहे. चालत्या बसमध्ये डोळे पानावर स्थिर असतात आणि कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा मात्र शरीर हलतंय असं सांगत असते. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही म्हणून मळमळतं. ही मळमळ सवयीने जाईलच असं नाही, तेव्हा जबरदस्ती करू नका. मोशी सोडल्यावर चिंबळी फाट्यापर्यंत बस जी काही हलते, त्यात छापील पान काय आणि किंडलचं पान काय, सारखंच. बस म्हणजे कानाची जागा, हे पक्कं धरून चाला.

थोडा हिशोब करू. मराठी पुस्तकाच्या पानावर साधारण अडीचशे शब्द धरले तर तीनशे पानांचं पुस्तक पाऊण लाख शब्दांचं झालं. संथ, स्पष्ट वाचणारा माणूस मिनिटाला सव्वाशे-दीडशे शब्द वाचतो. म्हणजे ते पुस्तक ऐकायला साडेआठ ते दहा तास. तुमचा बसचा वेळ सहा दिवसांत दहा तासांच्या वर जातो. नुसत्या हिशोबाने बघायचं तर आठवड्याला एक पुस्तक! तसं होणार नाही. येताना तुम्ही झोपणार, एखाद्या दिवशी मॅचवर गप्पा होणार, एखाद्या दिवशी डोकंच चालणार नाही. निम्मा वेळ धरा. तरी पंधरवड्याला एक पुस्तक फक्त बसमध्ये होतं, आणि तेही अजून घरात एक पानही न उलटता.

झोप लागते त्याचं काय? पहिली गोष्ट, जाताना ऐका, येताना नको. नाईट करून सकाळी येताना तर इअरफोन बॅगेतच राहू द्या. त्या वेळी झोपच महत्त्वाची. दुसरी, सगळ्या चांगल्या ॲपमध्ये स्लीप टायमर असतो. वीस मिनिटांचा लावा. डोळा लागलाच तर पुस्तक फार पुढे गेलेलं नसतं आणि सापडणं सोपं जातं. टायमर न लावता झोपलेला माणूस उठतो तेव्हा नायक पोर्तुगालला पोचलेला असतो आणि कसा पोचला हे शोधायचा उत्साह कुणालाच नसतो. तिसरी गोष्ट, घरच्या वायफायवर पुस्तक आधी डाउनलोड करून ठेवा, म्हणजे रेंज गेली म्हणून तुटायला नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कानाने ऐकायचं पुस्तक निवडून घ्या. कागदावर आपण मागचं पान चटकन उलटतो, ऐकताना ते जमत नाही. त्यामुळे पन्नास सरदार, त्यांची गावं, नातीगोती असलेली जाडजूड ऐतिहासिक कादंबरी कानाला जड जाते. तीन 'जिवाजी' आले की संपलं. आत्मचरित्र मात्र कानाला फार चांगलं लागतं, कारण एकच माणूस आपली हकीकत सरळ सांगत असतो. प्रवासवर्णन, विनोदी लेख, शिकारकथा, गावाकडच्या कथा, एका घरात घडणारी कादंबरी, हेही चालतं. पाच मिनिटं लक्ष उडालं तरी पुन्हा सूर सापडतो. अर्थशास्त्र, आरोग्य, 'यशाचे मार्ग' छापाची पुस्तकं लोक हमखास ऐकायला घेतात आणि अर्ध्यात सोडतात, कारण त्यात खुणा करायच्या असतात, आकडे परत बघायचे असतात. ती कागदावरच घ्या. नाहीतर घेऊच नका, हे माझं खासगी मत.

ऐकण्याचा वेग वाढवावा का, हेही विचारलंत. मराठी वाचक-कलाकार बरेचदा संथ वाचतात, त्यामुळे सव्वापट वेगाला हरकत नाही. दीडपट फक्त माहितीच्या पुस्तकाला. कथेत पात्र गप्प बसलं तर त्याला गप्प बसू द्यावं.

'हे खरं वाचन नव्हे' ही टोचणी मला काउंटरवर जास्त करून पुरुष सभासदांकडून ऐकू येते, का कोण जाणे. आपल्याकडे पोथी एक जण वाचायचा आणि अख्खी आळी ऐकायची. ऐकणाऱ्याला कुणी 'तू वाचली नाहीस' म्हणालं नाही. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगावी कथाकथन केलं, तेव्हा समोरच्या कित्येकांची त्या कथांशी पहिली ओळख कानानेच झाली. गोष्ट आत शिरली, लक्षात राहिली, तिच्याबद्दल कुणाशी बोलावंसं वाटलं, तर झालं वाचन. फरक आहे तो भाषा डोळ्यांनी चाखण्यात. एखादं वाक्य दोनदा वाचावंसं वाटणं, शब्दावर थांबणं, हे कानाने कमी होतं. म्हणून सगळंच कानावर सोपवू नका, एवढाच माझा आग्रह.

एक सावधगिरी. मोबाइलमध्ये लेखी मजकूर मोठ्याने वाचून दाखवायची सोय असते आणि ती मराठीतही चालते. फुकट आहे म्हणून लोक कादंबरी तिच्याकडून वाचून घेतात. बातमी, लेख यांना ती ठीक. पण 'चमचा'तला च आणि 'चहा'तला च यांत यंत्राचा गोंधळ होतो, संवाद कोण बोलतंय हे आवाजात येत नाही आणि दोन तासांत माणूस त्या पुस्तकालाच कंटाळतो. कथा-कादंबरीसाठी माणसाच्या आवाजातलंच रेकॉर्डिंग घ्या. स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं ॲप २०१७ मध्ये भारतात आलं, तेव्हापासून मराठीत अशा पुस्तकांचा साठा चांगला वाढला आहे. पैसे भरण्याआधी नमुना ऐका. पुस्तकाचा विषय कितीही आवडता असो, आवाज नाही पटला तर दहा तास काढता येत नाहीत. आणि वर्णनात 'संक्षिप्त' लिहिलंय का ते बघून घ्या.

आता कँटीन. तुम्ही लिहिलंय की शॉप फ्लोअरवर मोबाइल नेता येत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो आणि जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. लोकांना ही अडचण वाटते. मला ही तुमच्या दिवसातली सगळ्यात चांगली जागा वाटते. जेवणाला पंधरा मिनिटं धरली तरी दहा-बारा उरतात, हातात फोन नाही आणि बस हलत नाही. इथे कागद. पण कागद म्हणजे पाचशे पानांची कादंबरी नव्हे. डब्याच्या पिशवीत मावेल असं बारीक पुस्तक, ज्याचा एक तुकडा दहा मिनिटांत पुरा होईल. लघुकथा, ललित लेख, कविता, एकांकिका. तुकडा तिथेच संपला की धागा तुटायचा प्रश्नच राहत नाही. उद्या पुस्तक नाही उघडलं तरी काही बिघडत नाही.

कँटीनसाठी दिवाळी अंकासारखं दुसरं काही नाही. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तिथून ही प्रथा सुरू झाली आणि ती जणू पाळी करणाऱ्यांसाठीच काढली असावी असं मला कधी कधी वाटतं. एक कथा, दोन कविता, एक मुलाखत, एक व्यंगचित्र. मूड असेल ते उघडा. बहुतेक वाचनालयांत दिवाळीनंतर अंकांची वेगळी योजना असते. एकदा वर्गणी भरायची आणि तीन-चार महिने अंक बदलून न्यायचे. मार्च-एप्रिलमध्ये योजना संपली की काही वाचनालयं जुने अंक रद्दीच्या आसपासच्या भावात काढतात. पाच-सहा घेऊन लॉकरमध्ये टाका. कथेला शिळेपण येत नाही, राशिभविष्य तेवढं वगळा.

एक विनंती मात्र ग्रंथपाल म्हणून. कँटीनमध्ये वाचनालयाचं पुस्तक नेणार असाल तर त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घाला. चाकणहून परतलेली पुस्तकं मी न बघता ओळखते. उजव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा काळा ठसा, तेही कथा रंगात आली असेल त्या पानांवर गडद. हात धुतले तरी नखांच्या कडेला ग्रीस राहतंच. मला त्या ठशांचा राग येत नाही, खरं तर पुस्तक कुठे आवडलं ते कळतं. पण पुढच्या आजी नाक मुरडतात.

राहिला तो कपाटातला किंडल. तो तुम्ही बससाठी घेतलात, म्हणून वाया गेला. त्याची जागा घरात आहे. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात तुम्ही रात्री बाराला घरी पोचता. बायको, मुलगी झोपलेल्या. लगेच झोप लागत नाही, दिवा लावता येत नाही, म्हणून फोन हातात घेता आणि दीड कधी वाजतो कळत नाही. हे तुम्हीच लिहिलंय. या अर्ध्या तासाला ई-रीडरइतकं योग्य काही नाही. त्याच्या पडद्यावर शाईसारखे काळे-पांढरे कण असतात, पान बदलतानाच तेवढी वीज लागते, म्हणून चार्जिंग बरेच दिवस पुरतं. मॉडेलला स्वतःचा दिवा असेल तर तो अगदी मंद करा, खोली अंधारीच राहते. फोनवरही ई-पुस्तक वाचता येतं, पण फोनवर पुस्तकाच्या शेजारी व्हॉट्सॲप बसलेलं असतं. ई-रीडरवर दुसरं काही करण्यासारखं नाही, हाच त्याचा मोठा गुण.

मराठीच्या बाबतीत त्याच्या मर्यादा आधी सांगून ठेवते, नाहीतर पुन्हा कपाटात जाईल. किंडलवर मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ पासून अधिकृतपणे मिळू लागली, तरी सगळ्या प्रकाशकांची सगळी पुस्तकं तिथे नाहीत. बुकगंगावर मराठी ई-पुस्तकं भरपूर आहेत, पण ती त्यांच्या ॲपमध्ये उघडतात. म्हणजे फोन किंवा टॅब आला. ई-साहित्य प्रतिष्ठान मोफत पुस्तकं देतं, ती पीडीएफ असतात. पीडीएफमध्ये पान जसं मांडलंय तसंच राहतं, अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते. सहा इंची पडद्यावर रोमन लिपी एकवेळ वाचता येईल, देवनागरीत वेलांटी, रफार, जोडाक्षरं आली की डोळे बारीक करावे लागतात. पीडीएफ वाचायचीच असेल तर पडदा आडवा करा, अर्धं अर्धं पान वाचा. चालतं, पण मजा नाही. खरी सोय ईपब फाइलची: तिच्यात अक्षर वाढवलं की ओळी आपोआप नव्याने बसतात.

अशी ईपब पुस्तकं मोफत आणि सरळ मार्गाने कुठे मिळतील? मराठी विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्याच कुटुंबातल्या मोफत ग्रंथसंग्रहात. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं लेखनहक्क राहतो, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून. म्हणजे १९१९ मध्ये गेलेले हरिभाऊ आपटे कधीचेच मुक्त आहेत आणि १९५० मध्ये गेलेले साने गुरुजी २०११ पासून. विकिस्रोतावरून पुस्तक ईपब म्हणून उतरवता येतं आणि २०२२ पासून ते ॲमेझॉनच्या 'सेंड टू किंडल' या सोयीने किंडलवर पाठवताही येतं. टेलिग्रामवर फिरणाऱ्या आजच्या लेखकांच्या पीडीएफ मात्र घेऊ नका. मराठी पुस्तकाची आवृत्ती किती लहान असते हे मी जवळून बघते. त्यात असा हात मारला की पुढचं पुस्तक निघायचं राहतं.

किंडलवर काय वाचावं? ज्या कादंबरीत पात्रं बरीच आहेत पण घटना पुढे पुढे जात राहतात, अशी एक. ई-रीडर नेमक्या पानावर उघडतो आणि एखादं नाव विसरलात तर शोध टाकून ते पहिल्यांदा कुठे आलं ते सापडतं. तुटलेला धागा जोडायला कागदापेक्षाही हे बरं. माझ्या पाहण्यात फार कमी लोक ही सोय वापरतात.

एकच पुस्तक कागदावर आणि ऑडिओवर दोन्हीकडे चालवावं का, हेही तुम्ही विचारलंत. सहसा नको. खर्च दुप्पट, शिवाय 'काल कुठे थांबलो होतो' हे शोधण्यात जीव जातो. एका प्रकारच्या पुस्तकाला मात्र मी हे सुचवते. वर म्हटलं ती जाड ऐतिहासिक कादंबरी तुम्हाला वाचायचीच असेल, तर वाचनालयातून छापील प्रत न्या आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी पहिली चाळीस-पन्नास पानं कागदावर वाचा. घराणी, गावं, कोण कुणाचा हे एका चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी पाकिटात ठेवा. मग पुढची प्रकरणं बसमध्ये ऐका. जिथे अडखळाल तिथे प्रकरणाचा आकडा लक्षात ठेवा आणि सुट्टीला तेवढंच छापील पान बघा. पन्नासाव्या पानाचा अडथळा असा ओलांडता येतो.

म्हणजे आत्तापर्यंतचं जुळवून बघायचं तर तुमचे तीन आठवडे असे दिसतील. पहिल्या पाळीत पहाटे बसमध्ये डोळे मिटून ऐकणं जमलं तर जमलं, कँटीनमध्ये कथा, संध्याकाळी मुलगी आणि वाचनालय. दुसऱ्या पाळीत जाताना निवांत ऐकणं, हा तुमचा ऑडिओचा खरा आठवडा, आणि रात्री घरी किंडल. नाईटला जाताना थोडं ऐकणं, बाकी काही नाही. त्या आठवड्यात कादंबरी बंद राहिली तरी कँटीनमधला अंक चालू आहे, म्हणून वाचन सुटलं असं होत नाही. कुठल्याही आठवड्यात तीन पुस्तकं चालू असतील, पण तिघांची जागा वेगळी, म्हणून सरमिसळ होत नाही. लोक म्हणतात एका वेळी अनेक पुस्तकं वाचली की गोंधळ होतो. एकाच उशाशी तीन कादंबऱ्या ठेवल्या तर होतो. बसमध्ये एका माणसाचं आत्मचरित्र, कँटीनमध्ये कथा आणि घरी कादंबरी असेल तर नाही होत.

मुलीचा वेळ वाचनातून वजा करू नका. तिला रोज एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवा, दहा मिनिटं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी मोफत आहेत, पण या वयाला शक्यतो छापील पुस्तक द्या. तिला पान उलटायचं असतं. तीच गोष्ट चौदाव्यांदा वाचावी लागेल, त्याला इलाज नाही.

वाचनालयाचं वेळापत्रक हीसुद्धा पाळीवाल्यांची अडचण आहे. आम्ही सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास उघडे असतो. तुम्हाला यायला जमतं पहिल्या पाळीच्या संध्याकाळी किंवा दुसऱ्या पाळीच्या सकाळी. नाईटच्या आठवड्यात दुपारी उठून बघावं तर दार बंद. म्हणून पुस्तक नेताना ग्रंथपालाला पाळी सांगा. परतीची तारीख नाईटच्या आठवड्यात पडत असेल तर ती पुढची टाकून घ्या, किंवा फोनवर मुदत वाढवून मिळते का विचारा. कुणी त्या पुस्तकाला नंबर लावलेला नसेल तर बहुतेक ठिकाणी मिळते. दंडाच्या भीतीने अर्धं पुस्तक परत करणारे सभासद मला फार दिसतात. विचारलं असतं तर कुणी नाही म्हटलं नसतं.

महिन्याला दोन पुस्तकं होतील का? या पद्धतीने ऑडिओचं एक ते दीड, किंडलचं दोन महिन्यांत एक आणि कँटीनमध्ये एखादा कथासंग्रह किंवा अंक, असं माझा अंदाज सांगतो. ओव्हरटाइमच्या महिन्यात कमी. आकडा वहीत लिहायचा असेल तर जरूर लिहा, पण दोन व्हावीत म्हणून बारीक बारीक पुस्तकं शोधू नका, आणि न आवडलेलं पुस्तक संपवायला बसू नका. छापीलला पन्नास पानं, ऑडिओला एक तास. तेवढ्यात नाही लागलं तर बदलून आणा. आमच्याकडे पुस्तक का परत केलंत असं कुणी विचारत नाही.

सुरुवात या क्रमाने करा. या सुट्टीला डोळे तपासून घ्या. ॲपमध्ये एखादं आत्मचरित्र निवडून नमुना ऐका, आवाज पटला तरच डाउनलोड करा. दोन जुने दिवाळी अंक लॉकरमध्ये. किंडल चार्ज करून अक्षर दोन घर मोठं करून ठेवा, पण तो उघडायचा दुसऱ्या पाळीच्या आठवड्यातच. तुम्हाला कॉलेजात कोणत्या प्रकारच्या कादंबऱ्या आवडायच्या ते लिहिलं नाहीत. ते कळवा, म्हणजे बसमध्ये ऐकण्यासारखी चार नावं सुचवते.